पुरातील नाव आणि तिचे इंजिन : पेट्रोलचा भरणा आणि अतिभरणा



३१ जुलै २०१९ रोजी बडोदे शहरावर एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला. पावागडाच्या डोंगरात उगम पावून शहराच्या मधोमध वाहणारी विश्वामित्री नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. देवीपुरा भागात एका पोलीस अधिकाऱ्याने दीड महिन्याच्या तान्ह्या बाळाला प्लास्टिकच्या टबात ठेवले आणि तो टब डोक्यावर घेऊन गळ्याइतक्या पाण्यातून बाळ सुखरूप बाहेर आणले. ते छायाचित्र पाहून देशभर अनेकांना यमुना ओलांडणाऱ्या वसुदेवाची आठवण झाली. त्यानंतर आठवडाभरातच कृष्णा आणि पंचगंगा यांना महापूर आला व सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील शेकडो गावांना वेढा पडला. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, विश्वामित्रीने बडोद्यातील २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांहून वर चढले.

अशा प्रसंगी धैर्य हवेच. परंतु प्रत्येक बाळाला डोक्यावरून नेणारा माणूस मिळेलच असे नाही. तेथे नाव लागते, आणि प्रवाह जोराचा असेल तर नावेला इंजिन लागते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी तुकडी बडोद्याजवळ जरोद येथे असते. तिच्या रबरी नावांच्या मागे जे लहान इंजिन टांगलेले दिसते, त्यास आउटबोर्ड इंजिन म्हणतात. अग्निशमन दलांकडे, जिल्हा प्रशासनाकडे आणि नदीकाठच्या काही गावांकडेही अशी इंजिने आहेत. कोकण आणि सौराष्ट्र येथील मच्छीमारांना तर ती रोजच्या वापरातील आहेत. मात्र मच्छीमाराचे इंजिन रोज चालते, तर पूरबचावाचे इंजिन वर्षातील बहुतेक दिवस गोदामात उभे असते. नेमके हेच दुसरे इंजिन ऐन प्रसंगी रुसते.

ते रुसते तेव्हा बहुधा काय घडते? घाईने टाकी जोडली जाते, रबरी फुगा भराभर दाबला जातो, चोक ओढून दोरीचे झटक्यामागून झटके दिले जातात. इंजिन एकदा खोकते आणि थांबते. पेट्रोल कमी पडले असावे असे समजून फुगा पुन्हा दाबला जातो. थोड्याच वेळात पेट्रोलचा उग्र वास येऊ लागतो, पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरतो आणि इंजिन एक शब्दही बोलेनासे होते. मेकॅनिकांच्या बोलीत इंजिन ‘ओव्हर’ झाले. हा दोष मोठा नाही. पण नाव प्रवाहात असताना तो घडला तर त्याचे परिणाम मोठे होतात. विश्वामित्रीत तर शेकडो मगरींचे वास्तव्य आहे आणि पुराच्या पाण्याबरोबर त्या वस्तीत शिरतात. तेथे इंजिन बंद पडलेली नाव ही केवळ गैरसोय राहत नाही.

इंधनाचा मार्ग

दोष समजून घ्यावयाचा तर प्रथम पेट्रोलचा प्रवास पाहावा. लहान आउटबोर्ड इंजिनाची टाकी बहुधा नावेच्या तळाशी वेगळी ठेवलेली असते. तिच्या झाकणावर हवेचा एक लहान स्क्रू असतो. तो उघडल्यावर टाकीत हवा शिरते आणि तितकेच पेट्रोल बाहेर पडू शकते. टाकीतून निघालेल्या रबरी नळीच्या मध्यावर एक फुगा असतो, त्यास प्रायमर बल्ब म्हणतात. रक्तदाब मोजताना डॉक्टर जो फुगा दाबतात, त्याच्याशी याचे साम्य आहे. याच्या दोन्ही टोकांना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून दाबले असता पेट्रोल पुढे जाते, मागे येत नाही. दिशा दाखविणारा बाण फुग्यावर कोरलेला असतो आणि तो इंजिनाकडे असावा लागतो.

पुढे नळी इंजिनाला जोडली जाते. तेथे लहान गाळणी आणि त्यानंतर पडद्याचा पेट्रोल पंप असतो. इंजिन फिरू लागले की हा पंप आपले काम आपण करतो. फुग्याचे काम फक्त इंजिन सुरू होईपर्यंतचे आहे. पंपाकडून पेट्रोल कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये येते.

ही वाटी कशी चालते हे समजण्यासाठी घराच्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणावी. त्या टाकीत चेंडू तरंगत असतो. पाणी चढले की चेंडू वर येतो आणि तोटी बंद करतो. पाणी उतरले की चेंडू खाली जातो आणि तोटी उघडते. कार्ब्युरेटरच्या वाटीत हाच व्यवहार अगदी लहान प्रमाणात चालतो. चेंडूच्या जागी फ्लोट असतो आणि तोटीच्या जागी सुईसारख्या टोकाची झडप असते. टाकीचा चेंडू फुटला किंवा तोटीत खडा अडकला म्हणजे गच्चीवरून पाणी वाहू लागते. त्याचप्रमाणे फ्लोट फुटला किंवा सुईखाली कचरा अडकला म्हणजे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल वाहू लागते.

वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर खेचले जाते आणि आत शिरणाऱ्या हवेत त्याचा फवारा होतो. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ सहज होत नाही, म्हणून सुरुवातीस मिश्रण थोडे दाट लागते. यासाठीच चोक असतो. तो हवेची वाट अडवितो आणि पेट्रोलचा वाटा वाढवितो. परंतु दाट मिश्रणालाही मर्यादा आहे. ती ओलांडली की द्रव पेट्रोल सिलिंडरमध्ये साचते, स्पार्क प्लगची टोके ओली होतात आणि ठिणगी पडेनाशी होते किंवा पडूनही पेट घेत नाही.

पंपाचा स्टोव्ह ज्यांनी वापरला आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. बर्नर पुरता तापण्याआधी पंप मारीत सुटले म्हणजे रॉकेलची वाफ होत नाही, द्रव रॉकेलच उसळते आणि भडका उडतो. जाणती गृहिणी आधी बर्नर तापू देते आणि मगच पंप मारते. इंजिनापाशीही तीच सबुरी लागते.

पहिला भरणा कसा करावा

सर्वप्रथम टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडावा, आणि हे काम नळी इंजिनाला जोडण्यापूर्वी करावे. टाकी उन्हात पडलेली असेल तर आत दाब साठलेला असतो. स्क्रू बंद ठेवून नळी जोडली, तर तो दाब पेट्रोल पुढे रेटतो आणि सुईच्या झडपेला न जुमानता वाटी ओसंडते. कोणी दोरीला हात लावण्यापूर्वीच इंजिन ‘ओव्हर’ झालेले असते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

नळी जोडल्यावर फुगा असा धरावा की बाण वर, आकाशाकडे राहील. त्यामुळे झडपा नीट बसतात आणि अडकलेली हवा पुढे निघून जाते. मग फुगा सावकाश दाबावा. प्रथम तो मऊ लागेल, नंतर घट्ट होऊ लागेल. तो घट्ट होणे याचा अर्थ वाटी भरली आणि झडप बंद झाली. येथे हात थांबला पाहिजे. घट्ट फुग्यावर आणखी जोर केल्यास सुई आपल्या जागेवरून ढकलली जाते आणि जादा पेट्रोल आत शिरते.

त्यानंतर गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे पाहावे, थ्रॉटल सुरू करण्याच्या खुणेवर ठेवावा आणि सुरक्षा-दोरीची चाप बटणाखाली बसविली आहे याची खात्री करावी. ही दोरी चालकाच्या मनगटाला किंवा जाकिटाला बांधलेली असते. चालक पाण्यात पडला तर चाप निघते आणि इंजिन बंद होते. चाप बसविली नसेल तर ठिणगी पडतच नाही. चाप विसरून, चोक ओढून वीस वेळा दोरी ओढली, तर इंजिन सुरू होत नाहीच. प्रत्येक झटक्यासरशी पेट्रोल मात्र आत जात राहते. अर्थात दोष असतो ठिणगीचा, आणि भरपाई केली जाते पेट्रोलने.

इंजिन थंड असेल तरच चोक ओढावा. दोरी आधी हलकेच ओढून दात अडकल्याचे जाणवू द्यावे आणि मग एक सलग, जोरदार झटका द्यावा. इंजिन खोकले की चोक अर्धा आत सारावा, चालू लागले की पुरता आत सारावा. चार-पाच झटक्यांत खोकल्याचीही चाहूल लागली नाही तर चोक बंद करून कारण शोधावे. नुकतेच बंद केलेले गरम इंजिन चोकशिवायच सुरू करावे. गरम इंजिनाला चोक देणे हे ‘ओव्हर’ होण्याचे सर्वांत सोपे निमंत्रण आहे.

इंजिन सुरू झाल्यावर त्याच्या मागील बारीक छिद्रातून पाण्याची धार बाहेर पडते की नाही ते पाहावे. ती धार म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी खेळत असल्याची खूण होय. पुराच्या गढूळ पाण्यात हे छिद्र गाळाने बुजण्याचा संभव असतो.

‘ओव्हर’ झाल्यास काय करावे

येथे पहिला उपाय म्हणजे हात आवरणे. फुगा दाबू नये, चोक पूर्ण आत सारावा, टाकीची नळी इंजिनापासून काढावी. नावेत कोणी विडी-काडी पेटविणार नाही याची खबरदारी घ्यावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती उडून न जाता नावेच्या तळाशी साचते. नाव काठाला किंवा झाडाला बांधता येत असेल तर बांधावी, नांगर असेल तर टाकावा. प्रवाहात वाहत जाणाऱ्या नावेत शांतपणे काम होत नाही.

त्यानंतर थ्रॉटल जितका उघडता येईल तितका उघडावा आणि चोकशिवाय आठ-दहा झटके द्यावेत. मोकळी हवा आत शिरून जादा पेट्रोल बाहेर जाऊ लागते. पुष्कळदा एवढ्यानेच इंजिन खोकते आणि धूर सोडीत सुरू होते. ते सुरू होताच थ्रॉटल कमी करावा आणि वाटीतील पेट्रोल संपण्यापूर्वी नळी परत जोडावी.

एवढ्याने न भागल्यास स्पार्क प्लग काढावा. काढण्यापूर्वी सुरक्षा-दोरीची चाप काढून ठिणगी बंद करावी. प्लगची टोके ओली असतील आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर निदान पक्के झाले. ती कोरड्या फडक्याने पुसावीत किंवा कोरडा जादा प्लग घ्यावा. प्लग बाहेर असतानाच दोरी सहा-सात वेळा ओढावी, म्हणजे सिलिंडरमधील पेट्रोल छिद्रातून बाहेर फेकले जाते. त्या वेळी तोंड छिद्रासमोर नसावे. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये येते व तेथेही साचते, म्हणून येथे आणखी चार झटके द्यावेत. सांडलेले पेट्रोल पुसून काढावे, पाच मिनिटे वाफ उडू द्यावी, प्लग बसवावा, चाप लावावी आणि चोकशिवाय सुरू करावे.

प्लग कोरडा निघाला तर मात्र उलट समजावे : पेट्रोल पोहोचलेच नाही. ओला प्लग आणि कोरडा प्लग यांवरून पुढचा सारा मार्ग ठरतो. म्हणून अंदाजाने फुगा दाबत बसण्यापेक्षा दोन मिनिटे खर्चून प्लग पाहणे केव्हाही फायद्याचे असते.

चार-स्ट्रोक इंजिन वारंवार ‘ओव्हर’ झाले असेल तर ऑईलची पट्टी काढून पाहावी. पातळी वाढली असेल आणि ऑईलला पेट्रोलचा वास असेल, तर पेट्रोल ऑईलमध्ये उतरले आहे. ते ऑईल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

फुगा काय सांगतो

जाणता नाखवा फुग्याला हात लावून अर्धे निदान करतो. फुगा कितीही दाबला तरी घट्ट होत नाही आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकते, तर सुईची झडप बंद होत नाही. तिच्याखाली कचरा अडकला असेल, तिच्या टोकाला कंगोरा पडला असेल किंवा फ्लोट बुडाला असेल. अशा वेळी वाटीच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन हलके टोले दिले असता कधीकधी कचरा सुटतो आणि ठिबक थांबते. हा वेळ निभावून नेण्याचा उपाय आहे, दुरुस्ती नव्हे.

फुगा घट्ट होत नाही आणि कोठेही पेट्रोल ठिबकत नाही, तर नळीत हवा शिरत आहे, फुग्याच्या झडपा निकामी आहेत किंवा बाण उलटा आहे. नळीच्या जोडातील रबरी कडी झिजली तर हवा आत ओढली जाते. पेट्रोल बाहेर येत नसल्यामुळे ही गळती डोळ्यांना दिसत नाही.

चालू इंजिनाचा फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला, तर हवेचा स्क्रू बंद राहिला आहे किंवा टाकीतील जाळी बुजली आहे. इंजिन मिनिट-दोन मिनिटे नीट चालून बंद पडते आणि फुगा दाबताच परत तग धरते, तर वाटीतील साठा संपत आहे आणि पंप तो भरीत नाही. अशा इंजिनावर माणसे घेऊन प्रवाहात जाऊ नये.

जुन्या स्कूटरी सुरू होत नसल्या की लोक त्या एका अंगावर तिरक्या करीत आणि मग किक मारीत. तिरके केल्याने फ्लोटची बैठक ढळे, झडप उघडे आणि थोडे जादा पेट्रोल आत जाई. तोही एक ओबडधोबड भरणाच होता. पण स्कूटर रस्त्यावर उभी असते. तिचा प्रयोग फसला तर माणूस ढकलत घरी जातो. नावेतील माणसाला ती सोय नाही.

मे महिन्यातील काम

पुरात उद्भवणाऱ्या या दोषाचे मूळ बहुधा मागील पावसाळ्याच्या अखेरीस असते. काम संपले, इंजिन तसेच गोदामात ठेवले आणि वाटीत पेट्रोल राहिले. महिन्यामागून महिने गेले की पेट्रोलमधील हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखा थर राहतो. सुई त्यात चिकटते, जेट बुजतो. आज देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी फार झाले की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी उतरतात, आणि पेट्रोल ओढणारी नळी तर तळाशीच असते. जुन्या धाटणीच्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदेही इथेनॉलने लवकर खराब होण्याचा संभव असतो. म्हणून पूरबचावाच्या इंजिनासाठी गतवर्षीचे पेट्रोल कधीही वापरू नये.

यास्तव वापर संपल्यावर इंजिन स्वच्छ पाण्यात उभे करून चालू करावे, टाकीची नळी काढावी आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. यामुळे गाळ धुतला जातो आणि वाटीही रिती होते. कोरड्यावर इंजिन चालवू नये. पाण्याच्या पंपातील रबरी चक्र क्षणात जळते. शेवटी वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढावेत.

मे महिन्यात कार्ब्युरेटर उघडून पाहावा. फ्लोट कानाजवळ हलविला असता आत द्रव हलल्याचा आवाज आला तर तो फुटलेला आहे. सुईच्या टोकावर गोल खाच दिसली तर सुई बदलावी, आणि शक्य असेल तर तिची बैठकही. झडपेची परीक्षा सोपी आहे. कार्ब्युरेटर उलटा धरावा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बंद होते. पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हलकेच फुंकावे. हवा जाता कामा नये. सुलटा केला की हवा गेली पाहिजे. जेटमध्ये तार घालू नये. छिद्र मोठे झाले तर मिश्रण कायमचे दाट होते.

दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावे लागते. प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. पन्नासास एक असे असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर पडतात. अदमासे ओतलेल्या जादा ऑईलनेही प्लग ओला व काळा होतो आणि दोष कार्ब्युरेटरवर ढकलला जातो. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांचे एक पथ्य अधिक आहे. ती पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घेतात. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणावी लागतात, नाहीतर वाटीत रॉकेल राहून पुढच्या वेळी थंड इंजिन पेट घेत नाही.

आणि मुख्य म्हणजे, पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा इंजिन पाण्यात उतरवून चालवून पाहावे. रजिस्टरमध्ये ‘इंजिन सुस्थितीत’ असा शेरा मारण्यापूर्वी त्याचा आवाज ऐकलेला असावा. हे काम एकाच माणसावर सोपवू नये. पुराच्या रात्री तोच माणूस पाण्यापलीकडे अडकलेला असू शकतो.

किनाऱ्यावरील फलक

इंजिनांच्या पुस्तिका बहुधा इंग्रजीत असतात आणि कपाटात असतात. बडोद्यालाच १८९० साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी कलाभवन स्थापन केले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे तंत्रशिक्षण देशी भाषांतून देता येते या विचाराचे पुरस्कर्ते होते. कारागिराच्या हातातील ज्ञान त्याच्या भाषेत असावे, हा तो विचार पूरबचावाच्या नावेपाशी आजही लागू आहे. ज्या गावाकडे अशी नाव आहे, तेथील शिक्षकांनी आणि ग्रामपंचायतीने पुढील सूचना ठळक अक्षरांत लिहून इंजिनाजवळ लावाव्यात :

१. टाकीचा हवेचा स्क्रू उघडा, मग नळी जोडा.

२. बाण इंजिनाकडे. फुगा घट्ट होताच दाबणे थांबवा.

३. गिअर न्यूट्रल. सुरक्षा-दोरीची चाप लावा.

४. थंड इंजिनालाच चोक. खोकले की चोक आत.

५. पाच झटक्यांत सुरू न झाल्यास थांबा. प्लग पाहा.

६. प्लग ओला : नळी काढा, चोक बंद, प्लग पुसा, वाफ उडू द्या.

७. प्लग कोरडा : स्क्रू, नळी, जोड आणि गाळणी पाहा.

८. इंजिन काठावर चालू झाल्याशिवाय नावेत माणसे घेऊ नका.

आठवी सूचना शेवटी असली तरी महत्त्वाने पहिली आहे. त्याच जोडीला जाकिटांची आणि माणसांच्या संख्येची सूचना असावी. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी येथील तलावात सहलीस आलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटली आणि १२ विद्यार्थी व दोन शिक्षिकांचा अंत झाला. तेथे प्रश्न इंजिनातील पेट्रोलचा नव्हता. नावेत क्षमतेहून अधिक जण बसले होते आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. इंजिन कितीही उत्तम चालले तरी ही दोन पथ्ये सुटता कामा नयेत.

आउटबोर्ड इंजिन ही वस्तू गूढ नाही. ओले एव्हिन्रूड या नॉर्वेजियन-अमेरिकन कारागिराने १९०९ च्या सुमारास ती बाजारात रुळविली, तेव्हापासून तिच्या कार्ब्युरेटरचे मूळ तत्त्व फारसे बदललेले नाही. इंजिनाला हवे तेवढेच पेट्रोल द्यावयाचे, हे ते तत्त्व. ते यंत्राला कळते, कारण फ्लोट योग्य पातळीला वर येतो आणि झडप बंद करतो. माणसाला मात्र भीतीच्या क्षणी ते सुचत नाही. पाणी चढताना हात अधिकच भराभर चालतात. म्हणून पाणी नसताना, कोरड्या मे महिन्यात, चार माणसांनी एकत्र बसून हे शिकावे, एकमेकांसमोर करून पाहावे आणि शाळेतील मोठ्या मुलांनाही दाखवावे. पुराच्या रात्री छपरावर बसलेल्या माणसाला इंजिनाचा पहिला आवाज ऐकू येतो, तेव्हा त्यामागे कोणाच्या तरी मे महिन्यातील दोन तासांची मेहनत असते.